५४ मोटारी, एक रिवाइंडर: स्पेअर किती ठेवायच्या?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो आधी सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. यावलकडे तीन गावांचा शेतकरी गट, सगळ्यांच्या केळीच्या बागा, बोअरमध्ये ७.५ एचपीच्या ४८ सबमर्सिबल मोटारी आणि विहिरींवर १५ एचपीच्या ६. मोटार जळली की ती काढायची, जळगावला रिवाइंडिंगला (जळालेली वायर काढून नवी भरायला) टाकायची, आली की परत सोडायची, हे सगळं तुमच्याकडे. आता गट म्हणतो की एकदाच काय ते सांग, एक्स्ट्रा मोटारी किती घ्यायच्या. तुम्ही ईओक्यू (एका वेळी किती माल मागवायचा याचं सूत्र), सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीचा जादा साठा), रीऑर्डर लेव्हल (साठा कितीवर आला की मागवायचं) सगळं बघून एक्सेल केलं तर आकडा एकदा २ येतो, लीड टाइम (माल हातात यायला लागणारे दिवस) बदलला की ११ येतो. आणि शेवटी विचारलंय की भंगारवाल्याकडे जुन्या रिवाइंड केलेल्या मोटारी स्वस्तात मिळतायत, त्या घ्याव्या का.

मी भुसावळजवळ एका कारखान्यात २२ वर्षं मेंटेनन्स प्लॅनिंगला होतो, मोटारी, गिअरबॉक्स, पंप, सगळं दुरुस्त होऊन परत येणारं सामान. आता बागायतदारांच्या गटांना, जिनिंगवाल्यांना असलेच हिशेब करून देतो. तर तुमचं एक्सेल चुकलेलं नाही, तुम्ही फॉर्म्युलाच दुसऱ्या धंद्याचा उचललाय.

ईओक्यू हा फोर्ड हॅरिसने १९१३ साली मांडला तो संपणाऱ्या मालासाठी. ग्रीस, नटबोल्ट, इन्सुलेशन टेप, खत. वापरलं की गेलं, पुन्हा मागवायचं, प्रश्न एवढाच की केव्हा मागवू आणि एका वेळी किती. मोटार अशी संपते का? घरातला गॅस सिलेंडर आठवा. तुम्ही वर्षाला आठ-नऊ सिलेंडर "लावता", पण घरात सिलेंडर दोनच असतात, एक शेगडीला आणि एक भरलेला नाहीतर एजन्सीकडे गेलेला. कोणी वर्षाला नऊ सिलेंडर विकत घेत नाही. तुमच्या मोटारींचं तेच आहे, त्या चक्रात फिरतात, बोअरमधून टेम्पोत, टेम्पोतून रिवाइंडरकडे, तिथून शेडमध्ये, शेडमधून परत बोअरमध्ये. म्हणून "केव्हा मागवू" हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे चक्रात एकूण मोटारी किती असाव्यात म्हणजे कोणाचंही बोअर कोरडं बसणार नाही.

हा फरक न कळल्यामुळे काय होतं ते मी भोगलंय. आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर बसलं, त्यात स्टोअरने मोटार दिली की ती "खर्च" पडायची, आणि रिवाइंड होऊन परत आलेली मोटार मात्र जॉबवर्कच्या चलानवर यायची, स्टॉकला चढायचीच नाही. मिन-मॅक्स, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती साठा ठेवायचा ते आकडे, मी स्वतः भरले होते. सॉफ्टवेअर बिचारं दर दोन महिन्यांनी ओरडायचं की स्टॉक संपला, परचेस नवीन मोटार आणायचा, वर्षभरात शेडमध्ये नऊ नवीन मोटारी आणि त्यांच्या मागे रिवाइंड केलेल्या बारा, तरी कागदावर स्टॉक शून्य. ऑडिटवाल्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. दोनच आकडे लागतात. एक, वर्षाला किती मोटारी जळतात. दोन, जळालेली मोटार बोअरमधून निघाल्यापासून तयार होऊन शेडमध्ये येईपर्यंत किती दिवस जातात, याला आम्ही फेरा म्हणायचो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे कुठल्याही एका दिवशी सरासरी किती मोटारी "बाहेर" आहेत. हे लिटलचं सूत्र, जॉन लिटलने १९६१ ला सिद्ध केलं, पण कुठल्याही पिठाच्या गिरणीवाल्याला ते न शिकता कळतं, तासाला दहा डबे येतात आणि प्रत्येक डबा अर्धा तास थांबतो तर दुकानात साधारण पाच डबे दिसणार.

तुमच्या लिहिण्यावरून ७.५ ची एक मोटार सरासरी दोन वर्षांत एकदा जळते. ४८ मोटारी म्हणजे वर्षाला २४, महिन्याला २. फेरा तुम्ही १५ दिवस सांगितला. म्हणजे सरासरी १ मोटार कायम बाहेर. मग एक स्पेअर घेतली की झालं? इथेच बहुतेक जण फसतात. सरासरी १ याचा अर्थ रोज एकच असं नाही, कधी शून्य, कधी एक, कधी एकदम तीन. ही पसरण साधारण पॉइसन नावाच्या नियमाने चालते, एक्सेलमध्ये त्याचं तयार फंक्शन आहे. सरासरी १ असेल तर एकही बाहेर नसण्याची शक्यता ३७%, बरोबर एक असण्याची ३७%, दोन १८%, तीन ६%, चार दीड टक्का. यावरून, मोटार जळाली त्या क्षणी शेडमध्ये तयार मोटार उभी असण्याची शक्यता अशी निघते: एक स्पेअर असेल तर ३७%, दोन असतील तर ७४%, तीन असतील तर ९२%, चार असतील तर ९८%. एक स्पेअर ठेवणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, खरं तर तो तीनातून दोनदा हात हलवत उभा राहतो.

पण मी टक्क्यांपेक्षा दुसरा आकडा बघतो, तो म्हणजे कुठल्याही दिवशी सरासरी किती बोअर मोटारीविना बसलेत. शेतकऱ्याला तुमची टक्केवारी दिसत नाही, त्याला त्याचं बोअर दिसतं. स्पेअर नसेल तर सरासरी १ बोअर बंद, एक स्पेअर असेल तर ०.३७, दोन असतील तर ०.१०, तीन असतील तर ०.०२३, म्हणजे वर्षाला साधारण साडेआठ बोअर-दिवस. दोन स्पेअरवर हाच आकडा ३८ बोअर-दिवस होतो. मीटिंगमध्ये हे सांगा, अध्यक्षांना "९२ टक्के सर्व्हिस लेव्हल" पेक्षा "वर्षात ३८ दिवसांच्या जागी आठ-नऊ दिवस" लगेच कळतं.

या हिशेबात एक फार सोयीची गोष्ट आहे. फेऱ्याचा दिवस रोज सारखा नसतो, कधी मोटार आठ दिवसांत येते कधी पंचवीस. कॉनी पाम नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९३८ ला टेलिफोनच्या लाइनींचा हिशेब करताना दाखवलं की फेरा वरखाली होत असला तरी चालतं, फक्त सरासरी लागते, तो कसा पसरलाय याने उत्तर बदलत नाही. त्याच पायावर पुढे अमेरिकन हवाई दलासाठी रँड या संशोधन संस्थेत क्रेग शेरब्रुकने १९६८ ला मेट्रिक नावाचं मॉडेल मांडलं, विमानाचे सुटे भाग विमानतळावर किती आणि मुख्य डेपोत किती ठेवायचे याचं. विमान आणि केळीची मोटार, हिशेब एकच.

पण पामच्या त्या सवलतीला एक अट आहे आणि आपल्याकडे ती एप्रिलमध्ये मोडते. अट अशी की प्रत्येक मोटारीची दुरुस्ती दुसरीपासून स्वतंत्र, म्हणजे जणू प्रत्येक मोटारीला तिचा वेगळा कारागीर. रिवाइंडरच्या दुकानात कारागीर दोन, आणि उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या निम्म्या मोटारी त्याच दुकानांच्या दारात. पाणी खाली गेलेलं, मोटार तासन्‌तास चालते, मध्येच ड्राय रन होते, म्हणजे पाण्याविना फिरते, रात्री लाइट आली की सगळ्यांचे ऑटो (आपोआप चालू करणारे स्टार्टर) एकदम उचलतात आणि डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज बसतो. मिस्त्री सकाळी फोन करतो, "दादा, मोटार जयली." त्याच आठवड्यात तुमच्यासारखे वीस जण त्याच रिवाइंडरला फोन करत असतात.

एकट्या कारागिराचा साधा हिशेब बघा. एका मोटारीचं काम सरासरी दोन दिवसांचं धरा. तो ८०% वेळ गुंतलेला असेल तर रांग धरून मोटार तिथे सरासरी १० दिवस बसते. ९०% गुंतला की २० दिवस. गुंतणं ८० चं ९० टक्के झालं आणि मुक्काम दुप्पट झाला. रिवाइंडर खोटं बोलत नाही, त्याचं दुकान भरलंय, "परवा देतो" म्हणतो तेव्हा त्यालाही खरंच तसंच वाटतं.

म्हणून वर्षाची सरासरी काढून स्पेअर ठरवणं हा खानदेशात सगळ्यात मोठा घोळ. तुमचे आकडे मे महिन्याचे धरून बघू. जळण्याचं प्रमाण दुप्पट, महिन्याला ४. फेरा १५ चा ३० दिवस. म्हणजे सरासरी ४ मोटारी बाहेर. आता तुमच्या त्या तीन स्पेअर, ज्या वर्षाच्या सरासरीवर ९२% होत्या, त्या मे महिन्यात २४% वर येतात आणि कुठल्याही दिवशी सरासरी १.३५ बोअर बंद. ४५ डिग्रीत, केळीला रोज पाणी लागतं तेव्हा. ९०% च्या जवळ यायचं तर ७ स्पेअर लागतील (८९%), ९५ साठी ८. तुमच्या एक्सेलमध्ये २ आणि ११ मध्ये जो झोका बसत होता त्याचं एक कारण हेच, तुम्ही कधी हिवाळ्याचा लीड टाइम टाकला कधी उन्हाळ्याचा.

पण थांबा, लगेच ८ मोटारी घेऊ नका. हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करा. मे महिन्यात जळणं दुप्पटच राहू द्या, पण फेरा १५ दिवसांवर ठेवता आला तर? सरासरी ४ ऐवजी २. मग ५ स्पेअरमध्ये ९५%, ४ मध्ये ८६%. तीन मोटारींचे पैसे वाचले, आणि मोटार विकत घेण्यापेक्षा फेरा कमी करणं बऱ्याचदा स्वस्त असतं.

कसं, ते सांगतो, कारण हे मी घड्याळ लावून मोजलंय. कारखान्यात एकदा आम्ही वीसेक मोटारींच्या मागे प्रत्येक टप्प्याची तारीख लिहिली. फेरा सरासरी २१ दिवस आला. त्यात रिवाइंडरच्या हातात काम चालू असलेले दिवस जेमतेम तीन. बाकी? चार दिवस मोटार आमच्याच शेडमध्ये, कारण टेम्पो अजून दोन-तीन नग जमल्यावर जायचा. दोन दिवस गेटपासला सही नाही. रांगेत आठ दिवस. आणि शेवटचे चार दिवस तयार मोटार रिवाइंडरच्या दुकानात, कारण मागचं बिल दिलं नव्हतं आणि तो माणूस भिडेपोटी तसं सांगत नव्हता, नुसतं "टेस्टिंग बाकी आहे" म्हणायचा. म्हणजे निम्मा फेरा आमच्या स्वतःच्या घरात. आम्ही दोन गोष्टी केल्या. टेम्पो सोमवार-गुरुवार ठरलेला, एक मोटार असली तरी जाणार. आणि रिवाइंडरकडे थोडी रक्कम आगाऊ जमा, त्यातून बिल वळतं. फेरा १३ वर आला. एकही मोटार विकत न घेता.

तुमच्या बाबतीत अजून एक करता येईल, उन्हाळ्यापुरता दुसरा रिवाइंडर धरून ठेवा, फैजपूर नाहीतर भुसावळचा, पण मे महिन्यात पहिल्यांदा त्याच्या दारात जाऊ नका, दिवाळीनंतरच दोन-तीन मोटारी त्याला देऊन त्याचं काम बघा. सबमर्सिबलचं वाइंडिंग साध्या मोटारीसारखं नसतं, पाण्यात राहणारी मोटार, वार्निश करून भागत नाही, प्लास्टिकचं आवरण असलेली वायर हाताने एकेक वेढा ओढून भरावी लागते. ज्याला सवय नाही तो वायर घासतो आणि मोटार महिन्यात परत. तेव्हा तुमच्या हिशेबात जळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि तुम्ही स्पेअर वाढवता, रोग तिसरीकडेच.

यावरून तुमच्या डेटाकडे येतो. "दोन वर्षांत एकदा" हा आकडा तुम्ही अंदाजाने दिला असावा असं मला वाटतं. स्टोअरच्या वहीवर जाऊ नका, रिवाइंडरची चलानं मागा, तो मोटार आत घेताना आणि देताना तारीख टाकतो, त्यातून जळणं आणि फेरा दोन्ही मिळतात. आणि प्रत्येक मोटारीला नंबर द्या. आम्ही आधी ॲल्युमिनियमचे बिल्ले तारेने बांधले, सहा महिन्यांत तार गंजून बिल्ले बोअरमध्ये. मग वरच्या ब्रॅकेटवर पंचने नंबर ठोकला, मोटारीचं आधार कार्ड म्हणा. वर्षभरात काय दिसलं? १७ नंबरची मोटार एकदा जळाली, तिच्या जागी ३१ सोडली, तीही जळाली, मग ८ सोडली, तीही. मोटारी तीन, बोअर एकच. तिथे केबलच्या जॉइंटमध्ये पाणी जात होतं. नंबर नसता तर वर्षाच्या जळण्यात ही तीन मुकाट मोजली गेली असती.

जळणं कमी करणं हा तिसरा मार्ग, आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक स्टार्टरला कपॅसिटर, फेज गेला की बंद पाडणारं प्रिव्हेंटर, ड्राय रनचं संरक्षण, आणि ऑटोला थोडा टायमर, म्हणजे लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उचलणार नाहीत, एकेक करून उचलतील. शेतकरी ऐकत नाहीत हे मला माहीत आहे. ज्याला पहिलं पाणी हवं तो टायमर काढून टाकतो. तरी एका डीपीवर करून दाखवा.

डीपीवरून आठवलं, पॉइसनची अजून एक अडचण. एका रात्री फेज गेला तर एकाच डीपीवरच्या तीन मोटारी एकदम जातात. पॉइसन समजतो की प्रत्येक मोटार आपल्या मनाने जळते. अशा झुंडीने जळण्याचं प्रमाण तुमच्याकडे जास्त असेल तर वरच्या टक्क्यांपेक्षा परिस्थिती वाईट असते. वेगळी सूत्रं आहेत, पण तुमच्या आकाराच्या गटाला मी एवढंच सांगेन की हिशेबाने आलेल्या आकड्यात एक मोटार वाढवा आणि पुढे जा.

तुम्ही मधेच एक ओळ लिहिलीय की प्रत्येक गाव म्हणतंय एकेक स्पेअर आमच्याकडे ठेवा. हे मात्र होऊ देऊ नका. तिन्ही स्पेअर एका ठिकाणी असतील तर वर्षाच्या सरासरीवर ९२%. त्याच तीन मोटारी तीन गावांत एकेक वाटल्या तर प्रत्येक गावाला सरासरी ०.३३ बाहेर, आणि मोटार तयार मिळण्याची शक्यता ७२%. बंद बोअरचा आकडा ०.०२३ वरून ०.१५, सहापट. पैसे तेवढेच, मोटारी त्याच. एका गावची स्पेअर घडवंचीवर धूळ खाते आणि पाच-सात किलोमीटरवर दुसऱ्याचं बोअर बंद. ट्रॅक्टर तासाभरात पोचतो, त्या तासाला किंमत नाही, फेऱ्याच्या १५ दिवसांना आहे. हवाई दलाचा हिशेब थोडा वेगळा पडतो कारण त्यांचे तळ हजारो मैल लांब. आपल्याकडे गावाचा मान सोडला तर वाटून ठेवायला कारण नाही. मान सांभाळायचा तर मोटारीवर तिन्ही गावांची नावं रंगवा.

आता १५ एचपीच्या सहा. त्या वर्षाला तीन जळतात म्हणता आणि फेरा २४ दिवस, म्हणजे सरासरी ०.२ बाहेर. गटात भांडण होईल की आमच्या मोठ्या मोटारीला स्पेअर का नाही. यासाठी मी नेहमी एकच प्रश्न विचारतो, पुढचे दहा हजार रुपये कुठे टाकले तर बंद बोअर सगळ्यात जास्त कमी होतील? समजा ७.५ ची मोटार २० हजार, १५ ची ४० हजार, तुमच्याकडचे खरे भाव टाका. ७.५ ची पहिली स्पेअर बंद बोअर ०.६३ ने कमी करते, दर दहा हजाराला ०.३२. दुसरी ०.२६ ने, दहा हजाराला ०.१३. तिसरी ०.०८ ने, दहा हजाराला ०.०४. आणि १५ ची पहिली स्पेअर ०.१८ ने, दहा हजाराला ०.०४५. म्हणजे क्रम असा लागतो: आधी ७.५ च्या दोन, मग १५ ची एक, मग ७.५ ची तिसरी, मग चौथी. १५ ची दुसरी फार मागे पडते, दहा हजाराला ०.००४. पैसे संपतील तिथे थांबायचं. प्रत्येक प्रकाराला "९०% पाहिजेच" असा सरसकट नियम लावला तर महाग मोटारीत पैसे अडकतात, हा क्रम लावला की तेवढ्याच पैशात बंद बोअर कमी. एक दुरुस्ती मात्र करा, १५ एचपीची विहीर जर दहा एकराला पाणी देत असेल आणि ७.५ चं बोअर चार एकराला, तर १५ च्या आकड्याला अडीचने गुणा. दहा हजाराला ०.११ होतात आणि तिसरी ७.५ खूप मागे पडते, दुसरीच्या मात्र अजून थोडं मागेच. बोअर मोजायचे की एकर, हे गटाने ठरवायचं, माझं मत एकर.

चक्रातून मोटार कायमची बाहेरही पडते हे विसरू नका. स्टॅम्पिंग (ज्यात वायर भरतात तो पातळ पत्र्यांचा गाभा) जळून गेलं, शाफ्ट खाल्ला गेला, की रिवाइंडर हात जोडतो. समजा दहा फेऱ्यांत एक मोटार अशी जाते, तर २४ फेऱ्यांत वर्षाला दोन-अडीच. एवढी खरेदी दर वर्षी आहेच, तिला स्पेअरच्या हिशेबात मिसळू नका, जशी गेली तशी एक आणायची. खरेदी करायची ती उन्हाळ्याआधी, म्हणजे मोटार मार्चमध्ये हातात.

आणि शेडमध्ये उभी आहे म्हणजे तयार आहे असं नाही. एका मे महिन्यात मी स्वतः छातीठोक सांगितलं होतं की स्पेअर आहे, ट्रायपॉड लावला, कॉलम पाइप उतरवायला घेतले, मोटारीचा शाफ्ट हाताने फिरवला तर जाम. चौदा महिने आडवी पडली होती, आत पाणी भरून ठेवलेलं नव्हतं, बुश चिकटले होते. तेव्हापासून नियम, महिन्यातून एकदा प्रत्येक स्पेअरचा शाफ्ट हाताने फिरवायचा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा, मोटारीवर खडूने तारीख. जी फिरत नाही ती हिशेबात मोजायची नाही. तसंच नुसती मोटार ठेवू नका, एक-दोन पूर्ण सेट पंपाला जोडून, केबलला जॉइंट मारून तयार ठेवा, बाकीच्या सुट्या मोटारी मागे. बोअरवर जाऊन जोडत बसलात तर दिवस जातो.

तर आत्तापर्यंतचं धरून मी तुमच्या जागी काय करेन ते सांगतो. ७.५ च्या चार स्पेअर आणि १५ ची एक, सगळ्या एकाच शेडमध्ये. टेम्पोचे वार ठरवणं, रिवाइंडरकडे आगाऊ रक्कम, दुसरा रिवाइंडर, हे दिवाळी ते होळी या काळात उरकून घ्यायचं. फेरा मे महिन्यातही १५-१६ दिवसांवर राहिला तर चारवर ८५% च्या आसपास निघेल, झुंडीची भीती म्हणून पाचवी घ्या. फेरा ३० वर गेला तर पाच काय सहानेही भागणार नाही, त्यामुळे फेऱ्याची वही रोज लिहा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बघा. २० च्या वर सरकत असेल तर दोन मोटारी भाड्याने किंवा डीलरकडून उधारीवर मिळतात का ते तेव्हाच विचारा, मे मध्ये डीलरकडेही नसतात.

हे आकडे माझ्या डोक्यातल्या साध्या मॉडेलचे आहेत. रांग आणि ऋतू दोन्ही नीट धरायचे असतील तर सूत्र सोडून एक्सेलमध्ये वर्षाचे ३६५ दिवस एकेक ओळ करून चालवा, रोज किती जळाल्या हे रँडमने काढा, रिवाइंडर दिवसाला किती देतो ते लिहा, बंद बोअर मोजा, असं दोनशे वर्षं चालवून सरासरी घ्या. एका संध्याकाळचं काम आहे.

भंगारवाल्याच्या मोटारींचं. स्वस्त आहेत कारण त्या किती वेळा रिवाइंड झाल्यात ते तुम्हाला कळणार नाही. जुनी वायर काढताना मोटार जास्त तापवलेली असेल तर स्टॅम्पिंग खराब होतं, मोटार गरम चालते, करंट जास्त खाते. माझा अनुभव असा की अशी मोटार दोन वर्षांऐवजी सहा-आठ महिन्यांत परत येते. दर वेळी ती काढायला ट्रायपॉड, माणसं, आणि तुमच्या फेऱ्यात अजून एक नग. चार स्पेअरपैकी दोन अशा असतील तर कागदावर चार, बोअरवर अडीच. अगदी घ्यायचीच तर रिवाइंडरला सोबत न्या, उघडून स्टॅम्पिंग दाखवा, नो-लोड करंट (पंप न जोडता मोटार किती करंट खाते ते) मोजा, आणि ती मोटार उथळ, सोप्या विहिरीवर सोडा, ३०० फुटांच्या बोअरमध्ये नको. मी स्वतः घेत नाही.

चलानं मिळाली की ७.५ च्या मोटारींचं महिन्यावार जळणं आणि प्रत्येकीचा फेरा एवढं इथे टाका, कमीत कमी मागच्या दोन उन्हाळ्यांचं. आकडा त्यावरून पुन्हा काढून देतो.